भागोजीमामांना सांगितलेलं कृष्णविवर

"बाई, त्ये काळं भोक म्हंत्यात त्ये आमच्या पठारावरनं दिसंल काय वो?"

भागोजी गावडे शाळेच्या पायरीशी उभे होते. खांद्यावर भिजलेलं घोंगडं, हातात काठी, पाय गुडघ्यापर्यंत लाल चिखलाने माखलेले. घोडेपठारावरून चाफेघोळला उतरायला दीड तास लागतो आणि सोमवारची शाळा भरायच्या आतच ते येऊन थांबले होते. त्यांची मुलगी रेणुका माझ्या दहावीच्या वर्गात होती.

"नाही दिसणार, मामा. त्यातून उजेडच बाहेर येत नाही," मी म्हणाले. "आणि आपल्याजवळ तसलं काही येणारही नाहीये. आज तिसऱ्या तासाला मी सगळ्यांना तेच समजावून सांगणार आहे. ऐकायला थांबा ना."

"थांबतो की. त्यासाटनंच आलोय," असं म्हणून ते व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले.

ही २००८ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून कोल्हापूरहून इथे नोकरीला आले होते. चाफेघोळ म्हणजे तालुक्याचं शेवटचं टोक, एसटी तिथवर यायची आणि वळून परत जायची. शाळेच्या मागे दोन खोल्यांचं मुलींचं वसतिगृह होतं. त्यात वाड्यावस्त्यांवरच्या सात मुली राहायच्या आणि शेजारच्या खोलीत त्यांच्यावर देखरेख करायला मी.

मला त्या वयात बरोबर बोलायची फार खोड होती. आईने विचारलं, आमटीत मीठ ठीक आहे का, तर मी म्हणायचे, "मला तरी ठीक वाटतंय." साधारणपणे, बहुतांशी, आजवरच्या माहितीनुसार, हे शब्द तोंडात कायमचे बसलेले. मैत्रिणी चिडवायच्या, की ही स्वतःच्या बोहल्यावरसुद्धा "बहुधा हो" म्हणणार. मला राग यायचा नाही. उलट आतून जरा बरंच वाटायचं.

गणपतीचे दिवस होते. मंडळाच्या मांडवात आरतीनंतर सिनेमे दाखवायला म्हणून रंगीत टीव्ही आणला होता, पण त्या आठवड्यात सिनेमे बाजूलाच राहिले. बातम्यांच्या एका वाहिनीवर पृथ्वीचा गोळा खचत खचत काळ्या भोवऱ्यात जाताना दाखवत होते आणि कोपऱ्यात आकडे उलटे पळत होते. युरोपात जमिनीखाली सत्तावीस किलोमीटरचं गोल भुयार आहे, तिथलं यंत्र बुधवारी दुपारी एकच्या सुमाराला सुरू होणार, त्यात कृष्णविवर तयार होणार आणि ते पृथ्वी गिळणार. दिवसातून पन्नास वेळा हेच. वाण्याच्या आईने साखरेचं पथ्य सोडून पोटभर श्रीखंड खाल्लं. माझ्या वसतिगृहातल्या मुली एकमेकींच्या अंथरुणात शिरून झोपायला लागल्या. मरायचंच असेल तर सगळ्यांनी एका जागी मरू, असं म्हणत रविवारपर्यंत तीन मुलींच्या घरचे येऊन त्यांना घेऊनही गेले.

रेणुकाला मात्र मला जाऊ द्यायचं नव्हतं. घोडेपठारावरून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. तिच्या आधी दोघी आठवीत असताना सुट्टीला म्हणून वर गेल्या होत्या, त्या खाली आल्याच नाहीत. एकदा वर गेलेली मुलगी परत येणं हे पावसावर, गुरांवर, भाऊबंदांवर, कशाकशावर अवलंबून असायचं. त्यामुळे त्या दिवशीचं व्याख्यान साऱ्या शाळेसाठी असलं, तरी मनातून मी ते व्हरांड्यात बसलेल्या एका माणसासाठी तयार केलं होतं.

आणि मी ते फार छान दिलं. आज इतक्या वर्षांनीही ते मला नाकारता येत नाही.

दहावीच्या वर्गातली बाकं भिंतीला लावली. चार मुलींच्या हातात चादरीची चार टोकं दिली, त्यातलं एक रेणुकाकडे. मधोमध खेळाच्या साहित्यातला लोखंडी गोळा ठेवला. चादर खोल वाकली. मग मी कडेने एक गोटी सोडली, ती गोळ्याभोवती गरगर फिरत फिरत खाली गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"दगड वर फेकला तर काय होतं?" मी विचारलं.

"खाली येतो!"

"सेकंदाला अकरा किलोमीटर एवढ्या वेगाने फेकला तर येणार नाही. पृथ्वी सोडून जाईल. आता समजा, वजन तेवढंच ठेवून आपण पृथ्वी दाबून दाबून लहान केली. मग तिच्यावरून सुटायला आणखी वेग लागेल. दाबत दाबत या गोटीएवढी केली, तर उजेडाचा वेगसुद्धा पुरणार नाही. आणि उजेडापेक्षा वेगवान तर काहीच नाही. म्हणजे तिथून काहीही सुटणार नाही. याला म्हणायचं कृष्णविवर. ते भोक नाही. तो गच्च दाबलेला माल आहे."

"आमच्या पठारासकट गोटीएवढी?" चादरीचं टोक धरूनच रेणुका हसली.

"पठारासकट. आणि ते काही ओढून घेत सुटत नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तर अंधार होईल, गारठा पडेल, पण पृथ्वी आहे तशीच फिरत राहील. फार जवळ गेलं तरच भीती. त्याच्याभोवती एक हद्द असते. हद्दीच्या अलीकडे असलात तर मागे फिरता येतं. पलीकडे गेलात की संपलं. तिथे कुंपण नाही, पाटी नाही. ओलांडताना कदाचित कळणारही नाही."

भागोजीमामा एव्हाना दाराशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी काठी जराशी वर केली. "आत ग्येल्यालं भाईर येत न्हाई म्हंतासा. मग आत काय हाय ह्ये तुमाला कुनी सांगितलं?"

वर्ग खदखदून हसला. मला मात्र त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला. असा नेमका प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. "कोणीच नाही सांगितलं, मामा," मी म्हणाले. "आतलं कोणालाच माहीत नाही. आजूबाजूचे तारे, धूळ, वायू कसे वागतात ते बाहेरून बघायचं आणि ओळखायचं, की इथे काहीतरी आहे."

त्यांनी मान डोलावली. तास संपल्यावर मी व्हरांड्यात आले तर ते माझी वाट बघत होते. मुलं पटांगणात पळाली होती. मुख्याध्यापक मुल्लासर त्यांच्या खोलीच्या दारात उभे राहून ऐकत होते.

"बाई, तुमी सांगितलासा त्ये समदं मला पटलं. आता येकच सांगा. बुदवारी काय हुनार न्हाई न्हवं? शंभर टक्के?"

मी जे उत्तर दिलं ते मला शब्द न् शब्द आठवतं. "विज्ञानात शंभर टक्के असं काही नसतं, मामा. पण शक्यता अगदी नगण्य आहे."

"नगन्य म्हंजे?"

"म्हणजे कोटीत एक. त्याहूनही कमी."

"म्हंजे हाय."

"अहो, असून नसल्यासारखी."

"पर हाय."

"तसं नाही, मामा. बुधवारी तर ते कण नुसते फिरवून बघणार आहेत. एकमेकांवर आदळवणार ते नंतर, काही आठवड्यांनी." यामुळे त्यांना धीर येईल असं मला खरंच वाटलं होतं.

"म्हंजे बुदवारी न्हाई झालं तर म्होरं कवातरी."

"मामा, ऐका. आभाळातून याहून जोरदार कण रोज आपल्यावर आदळतात. पृथ्वी झाली तेव्हापासून, साडेचार अब्ज वर्षं आदळताहेत. काही झालं का?"

"न्हाई झालं. मग तसंच सांगा की. काय हुनार न्हाई म्हनून."

"तेच तर सांगतेय."

"न्हाई, बाई," ते अगदी हळू म्हणाले. "तुमी तसं न्हाई सांगत."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी आणखी बोलावं म्हणून ते थांबले होते, एवढं मला कळत होतं. काय ते कळत नव्हतं. मग त्यांनी घोंगड्याच्या टोकाने तोंड पुसलं. "रेणीला दोन दीस घिऊन जातो. बेस्तरवारी आनून सोडतो."

मी विनवण्या केल्या. सहामाही परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे म्हणाले, पाऊस आहे म्हणाले. ते खाली मान घालून ऐकत होते आणि मान हलवत होते. शेवटी मी मुल्लासरांकडे बघितलं.

"बाप आहे हो तो, कारेकरबाई," मुल्लासर म्हणाले. "आपण कशा जोरावर अडवायचं?"

रेणुकाने दप्तर भरलं. भूमितीचं पुस्तक वर ठेवलं, भिजू नये म्हणून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं. "बाई, गुरुवारी येते," ती म्हणाली. "दोन दिवसांचं तर आहे." दप्तर बापाने डोक्यावर घेतलं. शाळेमागच्या पायवाटेने दोघं चढत गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. मी वसतिगृहाच्या दारात उभी होते. इतकं सगळं शिकून, इतकं नीट समजावून सांगून एका मुलीला दोन दिवस खाली ठेवून घेणं मला जमलं नव्हतं.

बुधवारी दुपारी शाळेत कोणी शिकलं नाही आणि कोणी शिकवलं नाही. सगळी पोरं मुल्लासरांच्या खोलीबाहेर गोळा होऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. एक वाजला. एक वाजून पाच मिनिटं झाली. पटांगणात एक शेळी चरत होती, ती चरतच राहिली. मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि एकच कल्ला झाला. मुल्लासरांनी मांडवातून मोदकांचं ताट मागवून वाटलं. "जिंकलात की, बाई!" ते मला म्हणाले.

मला गुरुवारपर्यंत दम निघेना. भागोजीमामांना स्वतः सांगायचं होतं, बघा, काही झालं का? आणि रेणुकाला हाताला धरून खाली आणायचं होतं. अर्धी रजा टाकून मी निघाले. पायवाटेवरून पाणी वाहत होतं, पायांना जळवा लागत होत्या. मी त्या काढून फेकत होते आणि मोठमोठ्याने गाणी म्हणत होते. इतकी खुशीत मी त्या डोंगरात आधी कधी चढले नव्हते.

चारच्या सुमाराला वाडीत पोचले. गावड्यांच्या दाराला आंब्याचे डहाळे बांधले होते. मला वाटलं, गणपतीचे असतील. भाद्रपदात कोणी लग्न लावत नाही, त्यामुळे दुसरं काही मनात आलंच नाही. अंगणात पाच-सहा परकी माणसं पंगतीला बसली होती. बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा कपाळाला मळवट लावून खाटेवर अवघडून बसला होता.

रेणुका आत पाटावर बसली होती. कोपरापर्यंत हिरवा चुडा, हळदीने पिवळे झालेले तळवे आणि गळ्यात काळे मणी. तिने मला पाहिलं आणि ती उठायला गेली, तर शेजारच्या बाईने तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"काल सांजच्याला लागलं," तिचे थोरले चुलते माझ्या मागून म्हणाले. "आता पावनी निघत्यात. जिवून जावा, बाई."

"पंधरा वर्षांची आहे ती!" माझा आवाज चिरकला. "गुन्हा आहे हा. मी तक्रार करीन."

"करा की. पयला भागोजीला आत घालतील. बाप हाय त्यो."

"बाई, नको," आतून रेणुका म्हणाली. "आबांना नको."

मी भागोजीमामांना शोधत घरामागे गेले. ते गोठ्यात म्हशीपाशी उकिडवे बसले होते. मला बघून उठले नाहीत.

"काय केलंत हे, मामा?"

ते म्हशीकडे बघतच बोलायला लागले. "ह्या पावन्यांनी मागनी घातली तवा रेणी सातवीत हुती. तीन वर्सं धरून ठिवलं म्या. दहावी हुंद्या, मग बगू, ह्या येका बोलीवर भाऊबंदांस्नी थोपवलं. तर शनवारी दादा म्हनला, आता दहावी कुटली? बुदवारी जगच बुडतंय. कुवारी पोर तशीच ग्येली तर तिचा जीव भटकत ऱ्हाईल, त्येचं पाप तुला. मी म्हनलं, भादव्यात कुटं लगीन लागतंय व्हय? त्यो म्हनला, जगच न्हाई तर भादवा कुटला घिऊन बसलास? माज्यापाशी म्होरं बोलायला कायबी उरलं न्हाई. म्हनून तुमच्याकडं आल्तो."

"माझ्याकडे?"

"मला काय त्या भोकाचं भ्या न्हवतं, बाई. मला येक शबूद पायजे हुता. बाईंनी सांगितलंय, काय हुनार न्हाई, एवढंच दादाला सांगायचं हुतं. तुमचा शबूद हितं चालतोय. दादाबी मानतोय. न्हाई मिळाला तर पोरीला घिऊनच ये, म्हनून धाडलंतं मला. वर आल्यावर त्यानं इच्यारलं, काय म्हनल्या बाई? मला खोटं बोलायची सवं न्हाई. सांगितलं, कोटीत येक. त्यो म्हनला, म्हंजे हाय."

गोठ्याच्या पत्र्यावर पाऊस वाजायला लागला होता.

"पण मामा, मी तरी खोटं कसं बोलणार होते?"

"खोटं?" त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. "बाई, आज बुदवार. येक वाजून ग्येला. काय झालं? कायबी न्हाई झालं. मग तुमी न्हाई म्हनला असतासा, तर त्ये खोटं कसं झालं असतं?"

ते उठले आणि म्हशीला गवत टाकायला लागले.

मी तक्रार केली नाही. हे सांगताना आजही मान खाली जाते. भागोजीमामांना बेड्या पडलेल्या मला बघवल्या नसत्या, असं मी स्वतःला सांगत आले. कदाचित त्या चुलत्यांची आणि त्या परक्या माणसांची मला भीतीही वाटली असेल.

पाहुण्यांची जीप पठाराच्या पलीकडच्या बाजूला, कर्नाटकाकडे उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर उभी होती. निघताना रेणुका सगळ्यांच्या पाया पडली आणि माझ्याही पडली. उठताना तिने माझा हात घट्ट धरला.

"बाई, सतरा नंबरचा फॉर्म भरला की घरून परीक्षा देता येते ना?"

"येते."

"मग मला देता येईल?"

सासू ऐकत होती, चुलते ऐकत होते, तो खाटेवरचा मुलगाही ऐकत होता. ते दहा गोष्टींवर अवलंबून होतं आणि त्यातली एकही माझ्या हातात नव्हती. "येईल," मी म्हणाले. "नक्की येईल. मी स्वतः फॉर्म घेऊन येईन."

जीप गेली तेव्हा भागोजीमामा अंगणात आलेच नाहीत.

दिवाळीनंतर मी फॉर्म घेऊन तिच्या सासरी गेले. दोन एसट्या बदलून, पुढे तीन मैल चालत. रेणुका शेतावर गेली होती. सासूने चांगला आल्याचा चहा दिला आणि म्हणाली, "आवंदा ऱ्हाऊंद्या, बाई. म्होरल्या वर्सी बगू." मी फॉर्म परत आणला. मुदत संपायला आठ दिवस उरले असताना पुन्हा गेले. त्या खेपेला रेणुका गावाच्या वेशीवरच भेटली. डोक्यावर घागर होती. मला बघून ती हसली नाही. इकडेतिकडे बघत ती मला एका घराच्या आडोशाला घेऊन गेली.

मी पिशवीतून फॉर्म आणि पेन काढलं. "फक्त सही कर. बाकी सगळं मी भरलंय."

तिने फॉर्मवरचं स्वतःचं नाव वाचलं. मधल्या नावाच्या जागी, नवऱ्याचं न घालता, मी भागोजी असंच लिहिलं होतं. तिने ते दोनदा वाचलं आणि पेन माझ्या हातात परत दिलं.

"बाई, तुम्ही नक्की म्हणालात ना, म्हणून मी घरात सगळ्यांना सांगत बसले. बाई येणार, मी परीक्षा देणार. महिनाभर रोज सांगत होते." तिने घागर सावरली. "तुम्ही मागल्या खेपेला येऊन गेलात, त्यानंतर आठ दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. आता येऊ नका."

ती गेली. मी फॉर्मची घडी करून तो पिशवीत ठेवला आणि तीन मैल चालून एसटीच्या थांब्यावर आले. गाडीला अजून दोन तास होते.